आठ दात आणि कोरडा नळ

राग ही माझी कला आहे. कुणाला गळा असतो, कुणाच्या हाताला चव असते, मला राग आहे! आणि तो मी घरात बायकोवर उधळत नाही. माझा राग सार्वजनिक आहे. आमच्या अख्ख्या वाडीच्या मालकीचा आहे. रत्नागिरीच्या कुठल्याही कचेरीत जाऊन विचारा, 'सुहास मेकॅनिक आला तर काय करता?' खरं बोलणारा कारकून भेटला तर सांगेल, 'काम करतो!'

तर मी सुहास. मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. राहायला स्कूटरवर पाऊण तासावरच्या एका गावात, बौद्धवाडीत. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या वाड्या रागावतील, आणि त्यांना राग नीट येतही नाही.

गावात सात वाड्या. नळयोजनेचं पाणी सहा वाड्यांना. सातवी कुठली, ते ओळखायला पंचांग उघडावं लागत नाही. तसा नळ आमच्याकडेही आहे, खोटं कशाला बोलू? जमिनीतून वर आलेला निळ्या पाइपचा हातभर तुकडा, त्याला चकचकीत तोटी, खाली सिमेंटचा ओटा, शेजारी योजनेचा फलक. सगळं आहे. पाणी तेवढं नाही. पाइपलाइन वरच्या वाडीपर्यंत जमिनीतून येते आणि तिथून पुढचे चारशे मीटर कागदावरून येते. म्हणून एप्रिल-मे आला की आम्ही टँकरच्या आशेवर.

आता कचेरीत जायची आमच्या वाडीची एक पद्धत आहे. बाकीची गावं पन्नास माणसं नेतात आणि पन्नास जण एकदम बोलतात. आम्ही तिघंच जातो, कामं वाटून घेऊन. बाबाजीकाका निवेदन लिहितात. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं युनियन केलेला माणूस, अक्षर छापल्यासारखं. येसूआत्या रिकामा हंडा आणते आणि साहेबाच्या टेबलावर ठेवते. टेबलावर! फायलींच्या वर! आणि मी रागावतो. लिहिणाऱ्याने रागवायचं नाही, रागावणाऱ्याने हंड्याला हात लावायचा नाही. वाडीच्या वहीत तसा ठराव आहे, सह्यांनिशी.

आणि या कामासाठी निसर्गाने मला हत्यारही दिलं होतं. माझे दात! वरचे पुढचे दोन, एकाचं तोंड देवरुखकडे, दुसऱ्याचं समुद्राकडे, वाटण्या झालेल्या भावांसारखे. मधल्या फटीतून पान्हा गेला असता. तिसऱ्याचा कोपरा इंजिनाची क्लिप दाताने उघडताना उडालेला. रंग म्हणाल तर जुन्या डिझेल फिल्टरचा. मी तोंड उघडलं की कारकुनाला हरवलेली फाइल सापडायची. एकदा रस्त्यावरच्या दिव्यासाठी गेलो होतो. मी काही बोललोच नाही, मला नुसती जांभई आली. संध्याकाळी दिवा लागला!

असं हत्यार असलेल्या माणसाने ते कपाटात जपून ठेवावं की नाही? पण अक्कल दातांबरोबर येत नाही. माझ्या बाबतीत ती दातांबरोबर गेली.

झालं काय, एप्रिलमध्ये जयंतीचा फ्लेक्स लागला. फ्लेक्स करणारा गौरव. त्याच्या दुकानात माणूस जसा जातो तसा बाहेर येत नाही. काळा गोरा होतो, टकल्याला भांग पडतो, ज्याने आयुष्यात पुस्तक उघडलं नाही त्याच्या नाकावर चष्मा येतो. त्याने खाली स्वागतोत्सुकांच्या रांगेत माझा फोटो घातला आणि मला न विचारता माझे दात बदलून टाकले. पांढरेशुभ्र, एका रेषेत.

फ्लेक्स वाडीच्या तोंडाशी लागला. संध्याकाळी बंदरावरून येतो तर माझी बायको आम्रपाली अंगणवाडीतून परत येताना तिथे उभी. फ्लेक्सकडे टक लावून!

"काय बघतेस?"

"माणूस बघतेय."

"मीच आहे तो."

"हो? कधी होतात?"

सव्वीस वर्षं संसार केला, माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. रस्त्याची लाल धूळ फ्लेक्सवर उडाली होती, ती तिने पदराने पुसली. फ्लेक्सच्या गालावरून! मी शेजारी उभा. माझ्या गालावर ग्रीस होतं, ते तिला दिसलं नाही.

चार बाय सहाच्या प्लॅस्टिकचा मला मत्सर वाटायला लागला. मी ठरवलं. सहा सिलिंडरचं इंजिन खोलून परत बसवणारा माणूस मी, माझं तोंड म्हणजे काय मोठं काम आहे?

शहरात एक दातांचा दवाखाना आहे. पाटीवर दवाखाना म्हणत नाहीत, 'स्माइल स्टुडिओ' म्हणतात. स्टुडिओ! आत गेल्यावर दात काढतात की पासपोर्टचा फोटो काढतात, तेच कळेना. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड.

"बोला काका, दुखतंय का?"

काका! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काका! मी मोबाइल काढला, फ्लेक्सचा फोटो दाखवला. "हे पाहिजे."

तिने फोटो मोठा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत फोटोकडे.

"काका, हे दात तुमचे नाहीत."

"म्हणून तर आलोय!"

"नाही, म्हणजे हे बहुतेक जाहिरातीतल्या कुठल्यातरी मुलीचे आहेत."

गौरवने मला बाईचे दात लावले होते! दोन मिनिटं माझं डोकं गरम झालं. पण मग आम्रपालीची ती नजर आठवली. म्हटलं, "चालतील. बसवा."

तिने समजावून सांगितलं, ते खोटं नाही सांगत. म्हणाली, याला व्हेनिअर म्हणतात. दाताच्या दर्शनी बाजूचा थर थोडा घासायचा आणि त्यावर पोर्सिलेनची पातळ पापडी कायमची चिकटवायची. म्हणजे घराचं तसंच, पुढची भिंत तेवढी संगमरवरी. घासलेला थर परत उगवत नाही, त्यामुळे नंतर नको म्हणता येत नाही.

"आणि तुमचे दात आधी तारा लावून सरळ केलेले बरे, काका. दीड वर्ष लागेल."

"दीड वर्षात बोटीचं इंजिन दोनदा बदलतं! तुम्ही वरून पापडी मारा."

"मग पापड्या जरा जाड बसतील. दात थोडे पुढे वाटतील."

"आत्ता काय मागे आहेत?"

"आणि त्या दातांनी कठीण काही फोडायचं नाही."

"कुर्लीची नांगी?"

"नाही."

"क्लिप?"

"कसली क्लिप?"

"काही नाही. घासा!"

रंग ठरवायला आम्रपालीला घेऊन गेलो. रंगाच्या दुकानात भिंतीचे नमुने असतात तशी खोट्या दातांची पट्टी असते. डॉक्टरने मधला एक काढला.

"हा घ्या. अगदी नैसर्गिक दिसेल."

"हा तर उकड्या तांदळासारखा आहे."

"दात तसेच असतात, काका."

"मला तो शेवटचा पाहिजे. सगळ्यात पांढरा."

"तो मी सहसा कुणाला देत नाही."

"मग पट्टीत ठेवलाय कशाला?"

तिने तो काढून बाजूला ठेवला. मी जिंकलो! आयुष्यात काही वाद हरलेले बरे असतात, पण ते त्या वेळी कोण सांगतो?

दोन-तीन खेपा झाल्या. मधले पंधरा दिवस तात्पुरते दात, मग खरे. वरचे आठ. शेवटच्या दिवशी तिने हातात आरसा दिला. आरशात माझा शर्ट घालून एक परका माणूस खुशीत हसत होता.

"मी हसत नाहीये," मी म्हणालो.

"माहितीय," डॉक्टर म्हणाली.

"मग हा का हसतोय?"

तिने खुर्ची जरा मागे घेतली. म्हणाली, पापड्या जाड आहेत ना, वरच्या ओठाला अजून सवय नाही, तो पुरता खाली उतरत नाही. काही आठवडे लागतील, कुणाकुणाला जास्तही लागतात.

"तोवर?"

"तोवर काय, हसतमुख!"

घरी आलो. आम्रपाली माझ्याकडे अगदी फ्लेक्सकडे बघायची तशी बघत राहिली. मी धन्य झालो. हे दीड दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणते, "अहो, जरा बंद करा ना ते."

"काय?"

"तोंड."

"बंदच आहे!"

खरी गंमत बंदरावर सुरू झाली. लाँच चालवणाऱ्या रावजी तांडेलने इंजिनात जुनं काळं ऑइल ओतून पिस्टन जाम केला होता. मी त्याला धरला. "रावज्या, तुझ्यासारख्या गाढवाच्या हातात बोट देणाऱ्याला आधी समुद्रात बुडवला पाहिजे!" रावजी खदाखदा हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. "सुहासभाऊ, आज काय मूड हाय! लॉटरी बिटरी लागली काय?" मी आणखी चिडलो. जितका चिडलो तितका ओठ वर गेला. जितका ओठ वर गेला तितके दात चमकले. रावजीने मला बांगड्याची पिशवी भेट दिली. म्हणाला, "असाच ऱ्हा!"

त्या आठवड्यात एका मयतालाही जावं लागलं. त्याबद्दल बोलत नाही. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, एवढंच सांगतो.

आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमचा टँकर बंद झाला. कारण कुणी सांगेना. बायका पऱ्यात, म्हणजे आटलेल्या ओढ्यात उतरून खड्डा खणून वाटी-वाटीने पाणी भरत होत्या. एक हंडा भरायला दीड तास. अंगणवाडीतल्या पोरांना खिचडीनंतर पाणी प्यायला आम्रपाली घरून तांब्या न्यायची, तोही अर्धा. अकराव्या दिवशी बैठक झाली. बाबाजीकाकांनी निवेदन लिहिलं, येसूआत्याने हंडा घासून घेतला आणि सगळ्या वाडीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आज असा रागावतो की कचेरीचे पंखे बंद पडतील!"

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेब नवीन आले होते. आम्ही आत शिरलो, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क उठून उभे राहिले.

"या, या! वा! या कचेरीत पहिल्यांदा कुणीतरी हसत आलं!"

"साहेब, अकरा दिवस टँकर नाही!"

"बसा ना!"

"बसायला नाही आलो! आमच्या वाडीत माणसं राहतात, की तुमच्या नकाशावरचे ठिपके?"

"वा! काय बोलता हो! ठिपके! शिपाई, चहा सांग चार!"

"साहेब, तुम्हाला लाज वाटते का?"

"वाटते हो, कधी कधी वाटते," साहेब डोळे पुसत हसले. "असं बोलणारी माणसं राहिली नाहीत. नाहीतर लोक येतात ते कसे? कपाळाला आठ्या, तोंडात शिव्या. तुम्ही बघा, तक्रारसुद्धा किती प्रसन्नपणे करताय!"

येसूआत्याने हंडा धाडकन टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "अरे वा, पारंपरिक हंडा!" आणि तो उचलून माझ्या खांद्यावर दिला. "असेच उभे राहा. हलू नका." कारकुनाने मोबाइल पुढे केला. मी ओरडलो, "फोटो कसले काढता, पाणी द्या!" खटक! नेमका 'पाणी द्या' म्हणताना फोटो निघाला. आठच्या आठ दात.

बाहेर आल्यावर बाबाजीकाका माझ्याकडे बघेनात.

"सुहास, तू आत हसत होतास."

"काका, मी हसत नव्हतो! शप्पथ!"

"गोदीत तीस वर्षं काढलीत मी. साहेबापुढे दात काढणारे लय बघितले. आपल्यातला एक बघायचा राहिला होता."

असं बोलला म्हातारा! मला रडू आलं. तो म्हणाला, "बघ, अजून हसतोयस."

आठ दिवसांनी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक रंगीत पान येऊन पडलं. वर लिहिलेलं, 'यशोगाथा'. खाली, 'नळ आला अंगणी, हसू फुललं वदनी!' त्याखाली मी. खांद्यावर हंडा, तोंडभर दात. आणि त्याखाली अवतरणचिन्हात माझं वाक्य: 'आता आमच्या वाडीला पाण्याची ददात नाही.'

ददात! हा शब्द मी जन्मात कधी उच्चारला नाही!

चौकशी केली तर कळलं ते असं. वर्षअखेरीच्या अहवालाला एक समाधानी लाभार्थी हवा होता. अख्ख्या तालुक्यात कुणी समाधानी सापडत नव्हतं. आणि मी स्वतःच्या पायांनी चालत कचेरीत गेलो होतो, दातांसकट. आता ज्या वाडीची यशोगाथा झाली, तिला टँकर देता येत नाही म्हणे. टँकर दिला तर यशोगाथा खोटी ठरते. म्हणजे तोवर आपोआप बंद असलेला टँकर माझ्या हसण्यामुळे कायदेशीर बंद झाला!

समाजमंदिरात बैठक बसली. एवढ्या शिव्या मी माझ्या उभ्या आयुष्यात दिल्या नसतील तेवढ्या एका संध्याकाळी खाल्ल्या.

येसूआत्या म्हणाली, "मेल्या, माझा हंडा खांद्यावर घेऊन फोटू काढलास! हंडा माझा, फोटू तुझा, नि पानी कुनाचा?"

"आत्या, अगं मी रागावलो होतो!"

"आसा रागावतात? माझ्या पोराच्या लग्नात एवढा कोन हसला नव्हता!"

आम्रपाली उठली. मला वाटलं, बाजू घेते. म्हणाली, "चूक माझी हाय. मीच त्या फ्लेक्सकडे बघत ऱ्हायले. एवढं कुनी सांगितलं नव्हतं."

वहीत ठराव झाला. रागाचं काम सुहासकडून काढून घेण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत. "काढा हे!"

"काका, मी सांगितलं होतं. खाली घासलेले दात आहेत. काढले तर बुटके, टोकदार दिसतील."

"उत्तम! लोक घाबरतील तरी!"

"अहो, ठणकतील. गार पाणी प्यायलात तरी कळ मस्तकात जाईल."

"पाणी कुठाय आमच्याकडे?"

तिने ओठांचे व्यायाम लिहून दिले. दिवसातून तीन वेळा 'ऊ' म्हणायचं. पाण्यावाचून वाडी तडफडतेय आणि मी पडवीत बसून 'ऊ' म्हणतोय! येसूआत्या रिकामी कळशी घेऊन समोरून जाताना थुंकली. रस्त्यावर थुंकली, पण नेम माझ्यावर होता.

आणि एके सकाळी खुद्द साहेब आमच्या वाडीत आले. पहिल्यांदा! बूट लाल मातीने माखलेले, शर्ट घामाने चिकटलेला. नळाची तोटी फिरवली. आवाजसुद्धा आला नाही. साहेब हादरले.

"याला पाणी का नाही?"

"हे तुम्ही आम्हाला विचारता?"

"अहो, हसता काय? परवा जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम येतायत! पथक घेऊन! त्यांना यशोगाथा फार आवडली. नळ बघायचाय आणि तुम्हाला बघायचंय!"

साहेब ओट्यावरच बसले. बसल्या बसल्या त्यांना तोड सुचली. असल्या माणसांना पाणी आणायला सुचत नाही, दाखवायला सुचतं. म्हणाले, नळामागच्या करवंदीच्या जाळीत टँकर लपवू. टँकरची नळी मागून पाइपला जोडू. मॅडम तोटी फिरवतील, पाणी येईल, तुम्ही हसाल, मॅडम जातील.

"आणि आम्ही?" बाबाजीकाकांनी विचारलं.

"तुम्ही टाळ्या वाजवा."

साहेब गेल्यावर मी छाती पुढे काढली. "काका, एक दिवसासाठी मला माझं काम परत द्या. मॅडमच्या तोंडावर सगळं सांगतो! पाइप कुठे संपतो, कागद कुठे सुरू होतो, टँकर कुठल्या जाळीत आहे, सगळं! मी कुणाच्या बापाला भीत नाही!"

काकांनी बराच वेळ माझ्या दातांकडे बघितलं. दुसरा माणूस नव्हता. वहीत ठराव झाला: फक्त एक दिवस.

परवाचा दिवस उजाडला. आठ वाजता टँकर आला, जाळीत शिरला, नळी जोडली. साहेबांनी खात्री करायला म्हणून तोटी फिरवली. आणि काय सांगू! भस्सकन पाणी आलं! आमच्या नळातून! वाडीच्या इतिहासात पहिल्यांदा! त्याचा आवाज चार घरं पलीकडे येसूआत्याने ऐकला. या वयात तिला नातवाची हाक ऐकू येत नाही, पण हा आवाज ऐकला!

"पानी आला गो! पानी आला!"

मग जे झालं त्याला चेंगराचेंगरी म्हणणंही कमी. हंडे, कळश्या, बादल्या, पिंप, लग्नातली मोठी पातेली, अंगणवाडीचा खिचडीचा टोप, पोरांच्या शाळेच्या बाटल्या. साहेब तोटीला मिठी मारून उभे.

"अहो, थांबा! बाई, ऐका! हे पाणी बघायचं आहे, भरायचं नाही!"

"बघायचा?" येसूआत्याने त्यांना कोपराने बाजूला सारलं. "शिनेमा हाय काय?"

अकराला गाड्या आल्या. मॅडम, त्यांच्यामागे पथक, कॅमेरेवाले, पोलिसांची जीप. साहेबांनी बायकांना कसंबसं मागे रेटलं, घाम पुसला. मॅडम माझ्याजवळ आल्या. "हेच का ते? फोटोपेक्षा प्रसन्न आहेत!" मग हसत हसत ओट्यावर चढल्या आणि तोटी फिरवली.

आधी हवा आली. फुस्स! मग एक थेंब. मग एक मुंगी.

मॅडमनी तोटी आणखी फिरवली. मुंगी परत आत गेली.

मॅडमचा चेहरा दगडासारखा झाला. "हे काय आहे?" त्या मला म्हणाल्या. साहेबांना नाही, मला! साहेब माझ्या कानाला लागले. "अहवालात नाव तुमचं, फोटो तुमचा, वाक्य तुमचं. खोटी माहिती दिल्याची पहिली नोटीस तुम्हाला येणार." समोरच जीपमधला हवालदार टोपी नीट करत होता. वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. मागे कळश्या-हंड्यांचा खणखणाट सुरू झाला, ज्यांची पाळी येण्याआधीच टँकर संपला त्या बायका रिकामी भांडी बडवायला लागल्या.

मी एक पाऊल पुढे टाकलं. बोललो.

काय घडलं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. तुमच्याही मोबाइलवर आलं असेल. कोरड्या नळापुढे एक माणूस कमरेत वाकून उभा आहे, हात जोडलेत आणि मोठ्या मॅडमच्या तोंडावर आठ पांढरेशुभ्र दात दाखवून हसतोय! नुसता हसतोय! भांड्यांच्या आवाजात शब्द एकही ऐकू येत नाही. पण शब्द पाहिजेत कशाला? एका वर्तमानपत्राने मथळा दिला, 'कोरड्या नळाला हसत नमस्कार!' दुसऱ्याने लिहिलं, 'व्यवस्थेच्या थोबाडीत मारणारं हास्य'. कुणी म्हणालं, शंभर मोर्चांनी होत नाही ते या माणसाने न बोलता केलं.

मॅडमना ते भलतंच झोंबलं. "माझ्याकडे बघून हसतो?" एवढंच म्हणाल्या आणि साहेबांना घेऊन तिथल्या तिथे लाइन तपासायला निघाल्या. पन्नास पावलांवर करवंदीची जाळी, जाळीत टँकर, टँकरमध्ये घोरणारा ड्रायव्हर. पुढे चारशे मीटर चालल्या, पाइप कुठेच नाही. मॅडमची साडी काट्यांनी फाटली आणि साहेबांचं नशीब तिच्याबरोबर. आठ दिवसांत चर खणला गेला. खरा पाइप आला, हाताला लागणारा! पावसाच्या आधी आमच्या नळाला पाणी आलं. दिवसाआड का होईना, सकाळी पाऊण तास.

परवा समाजमंदिरात माझा सत्कार झाला. बाबाजीकाका उभे राहिले. "तीस वर्षं युनियन केली. साहेबाला शिव्या देणारे बघितले, दगड मारणारे बघितले. पण सत्तेच्या तोंडावर असं हसायला जी छाती लागते, ती माझ्यात नव्हती. सुहास, माझं चुकलं." येसूआत्याने माझी अलाबला घेतली. दोन-तीन गावची माणसं आली होती, असं हसायचं कसं ते विचारायला. आणि त्यातल्या एकाने विचारलंच, "सुहासदादा, मॅडमला तुम्ही नक्की काय बोललात हो तेव्हा?"

सगळी सभा कान टवकारून बसली. मी आम्रपालीकडे बघितलं. त्या दिवशी नळापाशी ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. माझा शब्द न् शब्द ऐकणारी वाडीत ती एकटीच.

आता तुमच्यापासून काय लपवू? मी म्हणालो होतो, "बाईसाहेब, पाया पडतो, माफ करा! मी साधा मेकॅनिक, मला यातलं काय म्हायती नाय! साहेब सांगतील ते लिहून देतो, पाणी येतं म्हणा तर येतं म्हणून सही करतो, पण मला जीपमधे घालू नका!"

आम्रपाली शांतपणे उठली. सभेला म्हणाली, "ते चारचौघांत सांगण्यासारखं नाय हो. लय वाईट शिवी होती."

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

तेव्हा मंडळी, तुम्हीही कुठे बोलू नका. पाणी अजून दिवसाआडच येतंय.